चाळीसपैकी चाळीस

कडकताईंचं खरं नाव आमच्या वॉर्ड ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आहे, माझ्याच अक्षरात आहे, पण त्या नावाने हाक मारलीत तर त्या मागे वळूनसुद्धा बघणार नाहीत. आमच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, भिंतीला खुंट्या आणि एक अवजड इस्त्री, जी मी उचलली तर माझा खांदा निखळेल. कॉलर अशी करतात की घालणाऱ्याला मान खाली घालता येत नाही. बोलणंही त्याच इस्त्रीखालून निघालेलं. एकदा आमचे हे शर्टाचं बटण तुटलं म्हणून तक्रार घेऊन गेले, तर ताईंनी आधी यांच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बटण कशाला थांबेल? त्यालाही जीव आहे." तेव्हापासून यांनी कानाला खडा लावला.

ताईंचं वय बासष्ट. आई गेली तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि धाकटी बहीण एकवीस दिवसांची. वडील काम शोधायला म्हणून गेले, बहुतेक अजून शोधतायत. ताईंचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, या बाळाचं काय करणार? ताई म्हणाल्या, माझ्याबरोबर येणार, दुसरं काय करणार? झालं! ते लोक चहा अर्धा टाकून उठले, ते पुन्हा दिसले नाहीत. पुढे दोन-तीन वर्षांत कळलं की बाळाची समज हळू आहे.

हळू म्हणजे किती? छोटी आज एकेचाळीस वर्षांची आहे. तिला घड्याळ कळत नाही, पैसे कळत नाहीत, स्वतःचं नाव लिहिता येत नाही. पण चादरीची घडी अशी घालते की टोकाला टोक केसभरही मागेपुढे होत नाही. आणि एकदा नीट बघितलेला क्रम ती जन्मात विसरत नाही. खुंट्यांवर वीस घरांचे कपडे टांगलेले असोत, कुठल्यानंतर कुठले ते डोळे मिटून सांगते. रोज सकाळी आठ वाजता निळा कोट घालून पट्टीशाळेत जायला निघते आणि माझ्या दारावर टकटक करून म्हणते, "काकू, मी कामाला चालले." मी आत आंघोळीला असले तरी ओरडून "बरं" म्हणावं लागतं, नाहीतर ती हलत नाही.

पट्टीशाळा हे आम्ही ठेवलेलं नाव. पाटीवर लांबलचक काहीतरी आहे. छोटीसारखी तीसेक माणसं तिथे हॉस्पिटलासाठी जखमेच्या पट्ट्या घडी करतात. दहा पट्ट्यांचं एक पाकीट, चार पाकिटांचा एक ट्रे. ट्रे भरल्याशिवाय हातातून सोडायचा नाही, हा तिथला पहिला धडा. अर्धा ट्रे पुढे गेला की हॉस्पिटलात मोजदाद चुकते, म्हणून सुपरवायझर बाई याच एका गोष्टीवर रागावतात. छोटीने एकोणीस वर्षांत एकही ट्रे अर्धा दिलेला नाही. पट्टीशाळेच्या मागे वसतिगृह आहे, चौदा खाटांचं. दहा वर्षं काम झालेल्या माणसाचं घरचं कोणी उरलं नाही, तर त्याला तिथे शेवटपर्यंत खाट मिळते. ताई ते आतून बघून आल्या होत्या. खिडकीजवळची खाट त्यांनी मनात धरली होती. चादरी मात्र भयंकर चुरगळलेल्या आहेत म्हणाल्या.

आता माझं पाप सांगते.

मी वॉर्ड ऑफिसात रजिस्टर सांभाळते. कोण राहायला आलं, कोण गेलं, कोण जन्मलं, कोण मेलं, सगळं एकतीस वर्षं माझ्या हाताखालून जातंय. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने शहरांची यादी काढायला सुरुवात केली. कुठल्या शहरातली माणसं किती हुशार, किती शिकलेली, त्यावर नंबर. आमच्यासारख्या ऑफिसांकडून रजिस्टर मागवायचं, त्यातली सहाशे नावं उचलायची, त्या माणसांना बोलावून चाळीस प्रश्न सोडवायला द्यायचे आणि सरासरी काढायची. शितावरून भाताची परीक्षा. पहिल्या वर्षी आमचं शहर चौदावं आलं, आणि शेजारचं तिसरं. अहो, ज्या शहरात रस्ता विचारला तर माणूस डावीकडे हात करून उजवीकडे जा म्हणतो, ते तिसरं! आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं. आमचे हे तर दोन दिवस पेपर उलटा ठेवून बसले होते.

दुसऱ्या वर्षी अकरावे आलो. मग एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यांच्या हातात सगळा हिशेब होता. शंभर माणसांनी मान मोडून सोडवलेलं पाच-सहा कोरे कागद खाली ओढतात, म्हणाले. "कोरे कागद देणारी माणसं तुमच्या वॉर्डात कोण आहेत, तुम्हाला माहीत आहेतच बाई. तीन महिन्यांसाठी त्यांची नावं हद्दीबाहेरच्या वस्तीत हलवा. कागदावर फक्त. माणूस जिथे आहे तिथेच राहील. मोजणी झाली की परत घ्या." लेखी काही नाही. असली कामं लेखी नसतातच.

नऊ नावं निघाली. पहिलं नाव मी छोटीचं लिहिलं. का लिहिलं? कारण ताईंच्या दुकानात जायला मला फक्त एक जिना उतरायचा होता.

ताई चादरीवर पाणी शिंपडत होत्या. मी फॉर्म टेबलावर ठेवला. "तात्पुरतं स्थलांतर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कुठे चालली आहे माझी बहीण? मला नाही सांगितलं तिने."

"कुठे नाही हो ताई. नुसतं कागदावर. तीन महिने. शहराचा नंबर वर यायचाय."

"हिच्यामुळे खाली जातोय का?"

मी पेन पुढे केलं. त्यांनी इस्त्री उभी केली. "आणि नंतर नाव परत लागेल ना? तिची खाट आहे तिकडे."

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. त्यांना ऑफिसवर विश्वास नव्हता, कधीच नव्हता. माझ्यावर होता.

त्या वर्षी आम्ही चौथे आलो. चौकात मोठे फलक लागले, शाळांना सुट्टी मिळाली, आम्हाला ऑफिसात एकेक पेन मिळालं. छोटीने फलकाखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोक वाजवत होते म्हणून तिनेही वाजवल्या. मी दुसऱ्याच आठवड्यात नऊ नावं परत घ्यायचे फॉर्म भरून साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते वाचलेसुद्धा नाहीत, बाजूला सारले. "वरून नवा नियम आलाय. चौथा नंबर टिकवायचाय. यापुढे अठरा वर्षांवरच्या कोणाचंही नाव नव्याने घ्यायचं असेल, तर त्याने तीच चाळीस प्रश्नांची परीक्षा द्यायची. किमान सोळा बरोबर."

"साहेब, ही नवीन माणसं नाहीत. आपणच बाहेर काढलेली आहेत."

"कागदावर ती बाहेरून येतायत ना? मग नवीनच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण दुसऱ्याच्या घरात शिरलं. महिन्याभरात पट्टीशाळेचं पत्र आलं. वार्षिक तपासणीत आढळलं आहे की सदर व्यक्ती शहराची रहिवासी नाही, तरी दोन महिन्यांत रहिवासाचा दाखला आणावा, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. ताई पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि पोटावर हात दाबून धरला.

"ताई, बरं नाही का?"

"बरं नाहीच," त्या म्हणाल्या. "डॉक्टरने फोटो काढलाय. आत गाठ आहे. कापून उपयोग नाही म्हणतो. वर्षभर म्हणाला, पण तो बोलताना दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्याहून कमी धरायचं." मग पत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला दुसरं काही नको. मी जायच्या आधी ती खाट हिच्या नावावर पक्की व्हायला हवी. तू बिघडवलंस, तू नीट कर."

मी नीट करायला गेले आणि आणखी बिघडवलं.

परीक्षेचे पेपर माझ्याच कपाटात असतात. वर्षभराला एकच संच, एकाच ठशाचे, गठ्ठ्याने छापून आलेले. हुशार शहराची हुशारी ही! प्रश्नाखाली चार गोल, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. एका दुपारी मी एक पेपर पिशवीत घातला आणि घरी आणला. एकतीस वर्षांत ऑफिसची टाचणी घरी आणली नव्हती मी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. उत्तरं यांच्याकडून काढून घेतली. हे एकेकाळी शाळेत गणित शिकवायचे. दोन प्रश्नांवर अडले, डोकं खाजवलं, मग म्हणाले, "अगं, हे मलाच येत नाहीये आणि हे छोटीला विचारणार?" त्या दोन्हींची उत्तरंही शेवटी रात्री जागून काढली.

छोटीला वाचता येत नव्हतं, पण क्रम येत होता. ताईंनी टेबलावर चार रुमाल ओळीने मांडले. हातात बटणं दिली. पहिलं बटण तिसऱ्या रुमालावर. दुसरं पहिल्यावर. तिसरं पुन्हा पहिल्यावर. चौथं चौथ्यावर. छोटी चुकली की ताई बटण उचलून पुन्हा तिच्या हातात द्यायच्या, आणि मी त्या बाईला आयुष्यात इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. चाळीस फार मोठं होतं. तीन दिवस झाले तरी बाराच्या पुढे गाडी जाईना. छोटी रडायला लागली. तेव्हा ताईंना सुचलं. त्या म्हणाल्या, "हे बघ, दहा झाले की एक पाकीट. चार पाकिटं झाली की ट्रे. करतेस ना रोज? तसंच."

छोटीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पाकीट म्हटल्यावर तिला सगळं कळलं. आठवड्यात दोन पाकिटं, पुढच्या आठवड्यात चारही. मग रुमालांच्या जागी कागदावरचे गोल, बटणाच्या जागी काळं पेन. घोंगडीवर शाईचे डाग पडले, ताईंनी ब्र काढला नाही. शेवटी शेवटी तर छोटी जिन्यातून जाताना गुणगुणायची, "तिसरा, पहिला, पहिला, चौथा, दुसरा..." मी टाळ्या वाजवल्या. यांनी तिला चॉकलेट आणून दिलं. आमच्या घरात इतका आनंद मुलगा इंजिनिअर झाला तेव्हाही झाला नव्हता.

परीक्षेला आठ दिवस होते, तेव्हा मी पट्टीशाळेची नियमावली वाचली. आधी का नाही वाचली? रजिस्टर लिहून लिहून केस पांढरे केलेल्या बाईला नियम आधी वाचावेत इतकी अक्कल नको? चौथ्या पानावर होतं. परीक्षेत चोवीसपेक्षा जास्त गुण मिळवणारी व्यक्ती सक्षम समजावी. सक्षम व्यक्तीला पट्टीशाळा नाही, वसतिगृह नाही.

सोळाच्या खाली आली तर शहरात नाव नाही. चोवीसच्या वर गेली तर खाट नाही. आणि आम्ही दोघींनी मिळून तिला चाळीसच्या चाळीस पढवले होते.

ताईंनी ऐकलं आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यात काय! दोन पाकिटं करायची आणि थांबायचं. वीस. सोपं आहे."

सोपं नव्हतं. "छोटे, दोन पाकिटं झाली की पेन खाली ठेवायचं." छोटी मान डोलवायची, वीसपर्यंत यायची, ताईंकडे बघायची, आणि एकविसावा गोल काळा करायची. "का गं?" तर म्हणे, "ट्रे अर्धा आहे." ताईंनी समजावलं, ओरडल्या, एकदा पेन हिसकावून घेतलं. चॉकलेट देऊन बघितलं. छोटीने चॉकलेट खाल्लं आणि ट्रे पूर्ण केला. शेवटी ताईंनी विसाव्या गोलानंतर तिच्या हातावर आपला हात ठेवायला सुरुवात केली. हात ठेवला की ती थांबायची. सहाव्या दिवशी हात न ठेवताही तीनदा थांबली. सातव्या दिवशी पाचपैकी चारदा. ताई म्हणाल्या, "होईल." मीही म्हटलं, होईल. दुसरं काय म्हणणार?

परीक्षा आमच्याच ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये. चौदा जण होते, छोटी सोडून सगळे बाहेरून शहरात राहायला आलेले. नातेवाइकांना आत सोडत नाहीत. ताई जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. पेपर वाटायचं काम माझं, देखरेखीला साहेब स्वतः. छोटी तिसऱ्या बाकावर, निळा कोट घालून. तिला वाटलं होतं की कामालाच आलोय. पेपर दिला तेव्हा मी तिच्या कानाशी पुटपुटले, "दोन पाकिटं." ती हसली.

तिने सुरुवात केली. बाकीचे प्रश्न वाचत होते, कपाळाला हात लावत होते, छताकडे बघत होते. छोटी वाचतच नव्हती. ओठ हलत होते आणि पेन चालत होतं. पहिलं पाकीट झालं. दुसरं पाकीट झालं. पेन थांबलं. माझा जीव भांड्यात पडला. तिने पेन बाकावर आडवंसुद्धा ठेवलं हो! मी मनातल्या मनात ताईंना सांगून टाकलं, जमलं म्हणून.

मग तिने कागदाकडे बघितलं. खाली वीस ओळी कोऱ्या होत्या. तिने मान वर करून मला शोधलं. तिच्या चेहऱ्यावर ती काळजी मी ओळखली. हे असंच पुढे पाठवलं तर कोणीतरी रागावेल. मी मान हलवली, नको म्हणून. खोकले. तिच्या बाकाजवळ गेले आणि "बस, बस आता" म्हटलं. साहेबांनी मान वर केली. "बाई, उमेदवाराशी बोलू नका. इकडे येऊन उभ्या राहा."

मी पेपरावर पाण्याची बाटली सांडू शकले असते. चक्कर आल्याचं सोंग करू शकले असते. माझ्या हातात बाटली होती. मी गेले आणि साहेबांच्या शेजारी निमूट उभी राहिले. तिथून मला दिसत होतं, छोटीने पेन उचललं, तिसरं पाकीट केलं, चौथं केलं, कागद कडा जुळवून सरळ केला आणि सगळ्यांच्या आधी नेऊन टेबलावर ठेवला.

चाळीसपैकी चाळीस. शहरात आजवर कोणाचेच आले नव्हते. साहेबांनी दोनदा तपासले. मग जे काही सुरू झालं ते बघवत नव्हतं. साहेब तिच्याशी हात मिळवतायत, वर्तमानपत्रवाला फोटो काढतोय, इमारतीतली माणसं जिन्यात थांबवून "काय छोटी, आम्हाला शिकव की" म्हणतायत. छोटी सगळ्यांना सांगत सुटली, "माझे चाळीस बरोबर." आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी हुशार म्हणालं होतं. ताई गिऱ्हाइकाच्या चादरीवर इस्त्री तशीच ठेवून उभ्या राहिल्या आणि चादर जळाली. चाळीस वर्षांत पहिली.

नाव शहरात लागलं. आठ दिवसांनी पट्टीशाळेचं दार बंद झालं. सुपरवायझर बाई भल्या होत्या, छोटीचा हात धरून फाटकापर्यंत आल्या आणि ताईंना म्हणाल्या, "मी काय करू? वरून पत्र आलंय. सक्षम म्हणून लिहिलंय." छोटीला ते कळलं नाही. ती रोज आठ वाजता कोट घालून माझ्या दाराशी येते. "काकू, मी कामाला चालले." आता मला दार उघडावं लागतं. "आज सुट्टी आहे गं." "उद्या?" "उद्यापण आहे." ती जिना चढून परत जाते आणि जळलेल्या चादरीची घडी घालत बसते. उलगडते आणि पुन्हा घालते.

ताई खंगत चालल्या. इस्त्री आता दोन हातांनी उचलतात. काल त्या छोटीला घेऊन ऑफिसात आल्या. रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर माझ्या खिडकीशी आल्या आणि अर्ज पुढे सरकवला. निकालावर फेरविचार व्हावा. मी म्हटलं, "ताई, घरी सांगायचं होतंत." त्या म्हणाल्या, "घरी सांगून बघितलंय." आवाज वाढला तसे साहेब केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"काय अडचण आहे बाई? अहो, तुमची बहीण तर आमची शान आहे."

"साहेब, लिहून घ्या," ताई म्हणाल्या. "माझी बहीण मठ्ठ आहे. तिला अक्कल नाही. वेडी आहे ती. असं लिहा, मी खाली सही करते."

मठ्ठ हा शब्द मी त्यांच्या तोंडून गिऱ्हाइकांबद्दल हजारदा ऐकला असेल. छोटीबद्दल एकदाही नाही. छोटीने ताईंचा हात सोडला.

"ताई, माझे चाळीस बरोबर," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली आणि मोठ्याने सुरू झाली, "तिसरा, पहिला, पहिला, चौथा, दुसरा..." कोणाला तरी हसू आलं. ती थांबेना. रडत होती आणि म्हणत होती. ताईंनी तिच्या तोंडावर हात दाबला, तरी हाताखालून आवाज येत होता.

"बघा, सगळं येतंय तिला," साहेब म्हणाले.

"पाठ आहे हो! मी पाठ करून घेतलंय! अर्थ काय कळतोय तिला त्याचा?"

साहेबांचा चेहरा बदलला. "पाठ? पेपर बाहेर आल्याशिवाय कसं पाठ होईल? तो कुलपात असतो." ते पुढे वाकले. "कोणी दिला? नाव सांगा. मला तो माणूस द्या, हा निकाल मी आत्ताच्या आत्ता रद्द करतो आणि हिची जुनी नोंद परत करतो. माझा शब्द."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरची पानं उलटत होते. कोणतं पान होतं ते विचारू नका. मी तेव्हा बोलायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी दिला, एवढंच म्हणायचं होतं. मी आणखी एक पान उलटलं.

"कोणी नाही दिला," ताई म्हणाल्या. "हुशारच आहे ती."

साहेब हसले, आत गेले. मी अर्जावर नामंजूरचा शिक्का मारला आणि परत दिला. ताईंनी तो घेतला नाही. खिडकीत तोंड घालून, मला एकटीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "नाव सांगितलं असतं तर तुझी नोकरी नक्की गेली असती. खाट मिळाली असती की नाही, देव जाणे. साहेबाचा शब्द मी एकदा घेऊन बघितलाय, तीन महिन्यांचा. त्यापेक्षा हे बरं. मी गेले की छोटीला तू घरात घे. घेशील ना?"

छोटी मागे उभी राहून कोटाच्या बाहीने नाक पुसत होती. रांग जिन्यापर्यंत गेली होती, कोणीतरी मागून ओरडलं, "अहो, आटपा की." ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हो म्हणायला काय लागत होतं मला? आमच्या तीन खोल्या आहेत, मुलगा परगावी, हे स्वभावाने गरीब. डोक्यात आलं की ती रोज सकाळी विचारणार, आज सुट्टी आहे का. रोज. मी असेपर्यंत.

मी ताईंच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हटलं, "चला, पुढचा नंबर कोणाचा?"